ब्रिटनमधली कॉन्फरन्स आणि आसपासची भटकंती : संगणकशास्त्रवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पेपर स्वीकारल्याची ईमेल आली की पहिली संध्याकाळ आनंदात जाते आणि दुसऱ्या दिवसापासून शंका सुरू होतात. व्हिसा मिळेल का, पैसे कोण देईल, आणि मग हळूच, गाईडच्या कानावर जाणार नाही अशा आवाजात : दोन दिवस फिरून येता येईल का? येतं. संगणकाच्या जन्मकथेतली बरीच ठिकाणं लंडनपासून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांच्या आत आहेत, तेव्हा संगणकवाल्याने तर यावंच.

भाषणाचा व्हिडिओ नंतर यूट्यूबवर येतोच. मग एवढा खर्च करून जायचं कशाला?

संगणकशास्त्राची रीत थोडी निराळी आहे. भौतिकशास्त्रात किंवा जीवशास्त्रात महत्त्वाचा निकाल जर्नलमध्ये छापला जातो आणि कॉन्फरन्सला माणसं तो सांगायला-ऐकायला जमतात. आपल्याकडे प्रोसीडिंग्जमध्ये, म्हणजे कॉन्फरन्सच्या पेपरसंग्रहात, छापून येणं हेच बहुतेकदा मुख्य प्रकाशन. परीक्षण तिथेच, नकारही तिथेच. त्यामुळे निदान एका लेखकाने रजिस्ट्रेशन करावं आणि पेपर मांडावा अशी अट बहुतेक ठिकाणी असते.

अट बाजूला ठेवली तरी जावं. पंधरा-वीस मिनिटांचं भाषण ही पेपरची जाहिरात असते आणि जाहिरात घरी बसून पाहता येते. चहाच्या सुट्टीत जे कानावर पडतं ते मात्र घरी येत नाही : कोणता प्रयोग तीन गटांनी करून पाहिला आणि फसला म्हणून कुणी छापलाच नाही, कोणाच्या लॅबमध्ये पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) जागा निघणार आहे, परीक्षक हल्ली कशावर बोट ठेवतात. तुमच्या संदर्भयादीतली कितीतरी नावं त्या तीन-चार दिवसांत एकाच इमारतीत वावरत असतात.

लंडनच्या एका कॉन्फरन्सचं आपणहून निमंत्रण आलंय. ती खरी आहे हे कसं ओळखायचं?

आपणहून आलंय, हाच पहिला इशारा. चांगल्या कॉन्फरन्सना पेपर मागत फिरावं लागत नाही. पेपर निवडणाऱ्या प्रोग्राम कमिटीतली नावं बघा आणि त्यातल्या दोघातिघांच्या स्वतःच्या वेबपानावर त्या कॉन्फरन्सचा उल्लेख आहे का तेही बघा. नावं न विचारता टाकलेली असू शकतात. डीबीएलपी या संगणकशास्त्रीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर मागच्या वर्षांचे पेपर सापडतात का? कॉन्फरन्सचा दर्जा सांगणाऱ्या कोअर क्रमवारीत ती कुठे बसते? एकाच हॉटेलात, एकाच दिवशी, एकच आयोजक कृषी, दंतवैद्यक आणि मशीन लर्निंगच्या कॉन्फरन्स भरवत असेल तर पुढे वाचूच नका.

हा धंदा जुना आहे. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्राम लिहिला होता. तो व्याकरणशुद्ध पण पूर्ण निरर्थक संगणकशास्त्रीय पेपर तयार करायचा, आलेख आणि संदर्भांसकट. त्यातला एक पेपर २००५ मध्ये एका कॉन्फरन्सने स्वीकारलादेखील.

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. कॉन्फरन्सला हजर राहणं, पेपर मांडणं आणि पर्यटन या तिन्ही गोष्टी त्याच व्हिसात बसतात; वेगळा ‘कॉन्फरन्स व्हिसा’ असा प्रकार नाही. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असं सांगितलं जातं, पण त्या आकड्यावर विमानाचं तिकीट काढू नका. उन्हाळ्याच्या आधी गर्दी असते. जादा पैसे भरून निर्णय लवकर मिळवण्याची सोय असते. ती शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावी.

अर्जात फिरण्याचे दिवस लपवू नका. ‘चार दिवस कॉन्फरन्स, नंतर तीन दिवस मँचेस्टर आणि केंब्रिज’ असं सरळ लिहिलं की तारखा जुळतात. कॉन्फरन्स चार दिवसांची आणि मुक्काम बारा दिवसांचा, मधल्या आठ दिवसांबद्दल चकार शब्द नाही, असा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते.

सोबत कोणती कागदपत्रं लावायची?

आयोजकांचं निमंत्रणपत्र, पेपर स्वीकारल्याची ईमेल, रजिस्ट्रेशनची पावती, तुमच्या संस्थेचं रजा मंजूर असल्याचं आणि परत येणार असल्याचं पत्र, खर्च कोण करणार त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट. निमंत्रणपत्र बहुतेक आयोजक रजिस्ट्रेशनचे पैसे भरल्यावरच देतात. म्हणजे व्हिसा मिळेल की नाही हे कळण्याआधी पैसे अडकतात. व्हिसा नाकारला गेला तर रजिस्ट्रेशनचे पैसे परत मिळतात का, हे आधीच ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कागद मराठीत असेल, उदाहरणार्थ सातबारा किंवा जन्मदाखला, तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. खरं तर सातबारा लावायची गरज क्वचितच पडते. ढीगभर कागदांपेक्षा एकमेकांशी जुळणारे मोजके कागद बरे.

माझ्याकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) आहे. चालेल?

नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि कधी नव्हताही. उलटंही तेच : ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसची ट्रेन पकडता येणार नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला मात्र हाच व्हिसा चालतो. बेलफास्टहून डब्लिनला जाताना रस्त्यात चौकी लागत नाही म्हणून गैरसमज होतो. डब्लिन ज्या आयर्लंडमध्ये आहे तो वेगळा देश आहे आणि त्याचे नियम वेगळे बघावे लागतात.

खर्च कोण देतं?

आधी स्वतःच्या संस्थेत विचारा, मग गाईडच्या प्रोजेक्टमध्ये, मग बाहेर. एसीएम (संगणकवाल्यांची जागतिक संघटना) हिची भारतीय शाखा एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (संगणकशास्त्रातल्या संशोधनासाठीची भारतीय संघटना) यांची मिळून प्रवास-अनुदानाची योजना आहे. एसीएमच्या विषयवार गटांकडेही विद्यार्थ्यांसाठी पैसे असतात. प्रोग्रामिंग लँग्वेजेसवाल्या सिगप्लॅनचा पॅक निधी त्यातला ओळखीचा. शिवाय बऱ्याच कॉन्फरन्स स्वतःच ट्रॅव्हल ग्रँट देतात. तिची अर्जाची तारीख पेपरच्या निकालानंतर लगेचच उलटते, म्हणून वेबसाइटवर आधीपासून नजर हवी.

स्टुडंट व्हॉलंटियर होणं हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग. ठरावीक तास काम करायचं : बॅज वाटा, माइक फिरवा, सत्राची वेळ सांभाळा. बदल्यात रजिस्ट्रेशन माफ. पैसे वाचतात हे झालंच, पण माइक घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्याशी सगळेच बोलतात. लाजऱ्या माणसाला याहून चांगली सोय नाही.

दोन गोष्टी विसरल्या जातात. बहुतेक अनुदानं परतावा म्हणून मिळतात, म्हणजे आधी स्वतःचा खिसा रिकामा करायचा आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी. आणि जानेवारी २०२६ पासून एसीएमचं सगळं डिजिटल ग्रंथालय मुक्त झालं आहे. वाचकाला पैसे पडत नाहीत, पण तुमची संस्था ‘एसीएम ओपन’ या, संस्थेनेच छपाईचे पैसे भरायच्या, करारात नसेल तर छपाईशुल्क लेखकाकडे येऊ शकतं. ते रजिस्ट्रेशनपेक्षा वेगळं. अंदाजपत्रकात धरा.

डेडलाइनपुढे ‘एओई’ लिहिलंय. ते काय?

‘एनीव्हेअर ऑन अर्थ’. पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत वेळ आहे, असा अर्थ. भारतीय वेळेने ही मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. सवलतीच्या रजिस्ट्रेशनलाही बऱ्याचदा हाच हिशेब लागू असतो.

फिरायचे दिवस कॉन्फरन्सच्या आधी ठेवू की नंतर?

नंतर. यावर माझं मत ठाम आहे. भाषण व्हायचं असताना केलेलं पर्यटन हे पर्यटन नसतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये मान वर करून छत बघतानाही डोक्यात सातवी स्लाइड असते. शिवाय कॉन्फरन्सच्या अखेरीस कुणीतरी म्हणतं, ‘उद्या आम्ही ब्लेचलीला चाललोय, येतोस का?’ (ब्लेचली म्हणजे काय, ते पुढे येईल.) तो दिवस मोकळा हवा.

आधी एक दिवस पोहोचावं, पण तो झोपेसाठी. भारताच्या तुलनेत ब्रिटनचं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. पश्चिमेकडे जाताना त्रास कमी होतो : पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. पहाटेचा वेळ स्लाइड्सवर हात फिरवायला छान. संध्याकाळच्या स्वागत-समारंभात मात्र पेंगायला होतं.

भाषणाच्या तयारीत नवखे लोक कुठे अडखळतात?

वेळेत. अठरा मिनिटं म्हणजे अठरा. सत्राध्यक्ष खरोखर उभे राहून थांबवतात, आणि कापले जातात ते प्रश्नोत्तरांचे क्षण, जे तुमच्या सगळ्यात कामाचे. पूर्ण पेपर सांगायचा मोह सोडा. एक प्रश्न, एक कल्पना, एक उदाहरण शेवटपर्यंत नेलेलं, आणि एक आकडा. प्रमेयाची सिद्धता बघायची असेल तो पेपर उघडेल.

स्लाइड्सची पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि ईमेलमध्ये, दोन्हीकडे. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर. लाइव्ह डेमो करायचाच असेल तर त्याचं रेकॉर्डिंग खिशात ठेवून करा. प्रश्न समजला नाही तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचंय का?’ असं आपल्या शब्दांत परत विचारावं. त्यात कमीपणा नाही. स्कॉटिश उच्चार ऐकताना इंग्लंडातलेही हेच करतात.

पोस्टर असेल तर आकार नीट वाचा. ए-झिरो म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर, पण उभा की आडवा हे कॉन्फरन्सवर. कापडावर छापलेला पोस्टर घडी घालून बॅगेत जातो. कागदाच्या पोस्टरची नळी विमानतळावर जादा सामान ठरू शकते.

मी कुणालाच ओळखत नाही. मोठ्या लोकांशी बोलू कसा?

‘मला तुमचं काम फार आवडतं’ एवढ्यावर संभाषण संपतं. ‘तुमच्या पेपरच्या चौथ्या विभागात तुम्ही अमुक गृहीत धरलंय, ते आमच्या डेटावर टिकत नाही’ म्हटलं की पुढची वीस मिनिटं ते स्वतः बोलतात. निघण्याआधी पाच-सहा नावं काढा, प्रत्येकाचा एक पेपर खरोखर वाचा, एकेक प्रश्न लिहून ठेवा. गाईडला दोन ओळींची ओळखीची ईमेल टाकायला सांगा. गाईड लोक हे आनंदाने करतात, फक्त त्यांना आपणहून सुचत नाही.

जेवायच्या वेळी आपल्याच संस्थेच्या, आपल्याच देशाच्या टेबलावर बसायचा मोह प्रत्येकाला होतो. एखाद्या वेळी बसा. रोज बसलात तर एवढ्या लांब येऊन आपल्याच विभागाच्या कँटीनमध्ये जेवल्यासारखं होतं. आणि मोठ्यांच्या मागे लागताना बरोबरीच्या विद्यार्थ्यांना विसरू नका. पुढची तीस वर्षं तुमचे पेपर तेच तपासणार आहेत.

सगळी सत्रं ऐकायलाच हवीत का? मधूनच सटकून फिरायला गेलं तर?

सगळी कुणीच ऐकत नाही. दिवसातली तीन-चार निवडा, उरलेला वेळ कॉरिडॉरमध्ये घालवा. दुपारचं एखादं सत्र बुडवून दोघातिघांनी मिळून नदीकाठी चालत जाणं हा कॉन्फरन्सचाच भाग मानला जातो. एकट्याने टूर बसमध्ये बसणं हा नाही. तुमच्या स्वतःच्या सत्रातल्या इतरांची भाषणं मात्र बसून ऐका. आपलं झालं की उठून जाणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

प्लग, इंटरनेट, पैसे?

ब्रिटनचा प्लग तीन चपट्या आयताकृती पिनांचा, त्यात फ्यूज. आपली गोल पिन बसत नाही, पण दाब २३० व्होल्टच, म्हणून साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो. संस्थेत एड्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वाय-फाय) असेल तर घरीच फोनवर चालू करून घ्या. तिकडे विद्यापीठाच्या आवारात पाय ठेवताच आपोआप जोडलं जातं.

रोख फारशी लागत नाही. घेतलीच तर पाच-दहा-वीस पौंडांच्या नोटा मागा. पन्नासच्या नोटेवर २३ जून २०२१ पासून संगणकशास्त्राचा पाया घालणारा अ‍ॅलन ट्युरिंग आहे, त्यामुळे एक नोट आठवण म्हणून ठेवावीशी वाटते, पण छोटे दुकानदार पन्नासची नोट घ्यायला कां-कू करतात.

रेल्वेची तिकिटं एवढी महाग का? स्वस्तात जमतं का?

त्याच गाडीचं त्याच डब्यातलं तिकीट कधी काढता त्यावर दर ठरतो. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेलं. गाडी चुकली तर गेलं. ‘ऑफ-पीक’ म्हणजे गर्दीची वेळ सोडून कोणतीही गाडी. ‘एनीटाइम’ सगळ्यात महाग. लांबचा प्रवास असेल तर दोन-तीन महिने आधी पाहायला लागा. वय १६ ते २५ असेल तर रेलकार्ड काढा. बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते आणि दोन मोठ्या प्रवासांत ते वसूल होऊ शकतं.

लंडनमध्ये मेट्रोला आणि बसला काँटॅक्टलेस कार्ड टेकवायचं. मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडतानाही, बसमध्ये फक्त चढताना. दिवसभरात ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत, पण त्यासाठी दिवसभर एकच साधन हवं. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून वापरलं तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी.

फक्त एकच दिवस मिळाला तर कुठे जाऊ?

ब्लेचली पार्क. यावर वाद घालायला मी तयार आहे.

लंडनच्या यूस्टन स्थानकातून पाऊण तासाच्या आसपास ब्लेचली येतं, आणि पार्क स्थानकापासून चालत काही मिनिटांवर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश इथे फोडले जात. ऐन भरात हजारो लोक इथे कामाला होते, त्यात सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. आणि पुढे कितीतरी वर्षं कुणी अवाक्षर काढलं नाही. हट ८ मध्ये ट्युरिंगची खोली आहे. लाकडी खोपटी, कमी उजेड, साधी टेबलं. भव्य असं काहीच नाही आणि तेच बघण्यासारखं आहे. याच आवारात १ आणि २ नोव्हेंबर २०२३ ला एआयच्या सुरक्षिततेवरची पहिली जागतिक शिखर परिषद भरली.

बहुतेक पर्यटक इथूनच परत फिरतात. त्याच आवारात ब्लॉक एचमध्ये ‘नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग’ आहे. संस्था वेगळी, तिकीट वेगळं, उघडं राहण्याचे वारही वेगळे आणि मोजके. म्हणून दिवस ठरवताना आधी या संग्रहालयाचं वेळापत्रक बघा आणि ब्लेचली पार्क त्याभोवती बसवा. संगणकवाल्याचा जीव इथे रमतो. कोलोसस हा युद्धकाळातला इलेक्ट्रॉनिक संगणक टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स या अभियंत्याने बांधलेला. तो १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचलीत कामाला लागला आणि छिद्रं पाडलेली कागदी फीत सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगाने वाचायचा. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडून टाकली गेली. टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी जुने फोटो, उरलेल्या आकृत्या आणि म्हाताऱ्या अभियंत्यांच्या आठवणी यांवरून वर्षानुवर्षं खपून ते पुन्हा उभं केलं. ते समोर चालू असतं : फीत फिरते, व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) तापतात, आणि खोलीतली ऊबही त्यांचीच.

एक गोंधळ इथे बरेच जण करतात. एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राचे संदेश फोडण्यासाठी ‘बॉम्ब’ नावाचं विद्युत-यांत्रिक यंत्र होतं, ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांचं. कोलोसस लढला तो लोरेन्झ या वेगळ्या, जास्त गुंतागुंतीच्या यंत्राशी. बॉम्बची चालती प्रतिकृतीही २०१८ पासून याच संग्रहालयात आहे, तेव्हा दोन्ही शेजारी बघून शंका फेडून घ्या. शेवटी ‘विच’साठी वेळ ठेवा. १९५१ चा हा मूळ संगणक, प्रतिकृती नव्हे, २०१२ मध्ये पुन्हा सुरू केला. त्याच्या स्मृतीतले आकडे दिव्यांमध्ये डोळ्यांनी वाचता येतात आणि बेरीज कशी पुढे सरकते ते दिसतं. रजिस्टर (संगणकात आकडा धरून ठेवणारी जागा) म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला फळा नाही.

लंडनमध्येच अर्धा दिवस आहे. संग्रहालयं सोडून काही?

एक संग्रहालय तरी घ्याच : साउथ केन्सिंग्टनचं सायन्स म्युझियम, सर्वसाधारण प्रवेश फुकट. चार्ल्स बॅबेजने १८४० च्या दशकाच्या अखेरीस आराखडा काढलेलं दुसरं डिफरन्स इंजिन, म्हणजे दात्यांच्या चाकांवर गणन करणारं यंत्र, त्याच्या हयातीत बनलंच नाही. संग्रहालयाने त्याच्याच आकृत्यांवरून गणन करणारा भाग १९९१ मध्ये, त्याच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी, पूर्ण केला आणि तो बिनचूक चालला. म्हणजे आराखडा बरोबर होता. अडलं ते पैसा, कारागीर आणि बॅबेजचा स्वभाव यांच्यात.

संग्रहालय नको असेल तर ओल्ड स्ट्रीट स्थानकाजवळचं बनहिल फील्ड्स हे जुनं दफनस्थान. इथे थॉमस बेझ आहे, तोच, ज्याच्या संभाव्यतेच्या सूत्राशिवाय मशीन लर्निंगचं पान हलत नाही. तो १७६१ मध्ये गेला आणि त्याचा निबंध १७६३ मध्ये छापला त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइसने. प्राइसही याच आवारात आहे. स्वतःचा सर्वांत गाजलेला पेपर मरणोत्तर प्रसिद्ध होणं, तेही सहकाऱ्याने ड्राफ्ट शोधून काढल्यामुळे, हे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विशेष भिडतं. सेंट जेम्स स्क्वेअरच्या १२ क्रमांकाच्या घरावर बॅबेजच्या यंत्रावर लिहिणाऱ्या एडा लव्हलेसची निळी स्मृतिपाटी आहे. ती बघायला दोन मिनिटं पुरतात.

वेळ उरला तर ग्रिनिच. शून्य रेखांशाच्या पितळी पट्टीवर उभं राहून फोटो काढायला रांग असते. तुम्ही फोनचं जीपीएस उघडा. शून्य तिथे दिसणार नाही. ते सुमारे १०२ मीटर पूर्वेला बागेत सापडतं. जुन्या खगोलवेध्यांनी ‘सरळ खाली’ ही दिशा स्थानिक गुरुत्वावरून ठरवली, उपग्रह पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात. तिथे रांग नसते.

केंब्रिज एका दिवसात होतं का?

होतं, पण परीक्षेच्या दिवसांत, साधारण एप्रिल ते जून, बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. किंग्ज कॉलेजचं चॅपेल बघायचंच. त्याच कॉलेजात ट्युरिंग शिकला आणि जानेवारी २०२४ पासून अँटनी गॉर्मलीने केलेलं त्याचं शिल्प तिथे उभं आहे, चेहरा नसलेलं, पोलादी ठोकळ्यांचं. लोकांना ते एकतर फार आवडतं किंवा मुळीच नाही.

ट्रिनिटी कॉलेजच्या रेन लायब्ररीत रामानुजनच्या त्या ‘हरवलेल्या वही’ची पानं १९७६ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली. ती वही नेहमी मांडलेली असेल अशी अपेक्षा ठेवू नका. ग्रंथालय पाहुण्यांना थोडाच वेळ उघडं असतं, तरी जा. कॉफीच्या भांड्यावर रोखलेला जगातला पहिला वेबकॅमही केंब्रिजचाच : १९९१ मध्ये कॅमेरा लागला, १९९३ मध्ये वेबवर आला आणि तिथला संगणक विभाग नव्या इमारतीत जाताना २२ ऑगस्ट २००१ रोजी बंद झाला. कॉफी संपली आहे का हे बघायला जिने चढावे लागू नयेत, एवढाच हेतू. जुने घरगुती संगणक हात लावून चालवायचे असतील तर सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरीत जा, मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

आणि मँचेस्टर?

लंडनहून दोन तासांच्या थोडं पुढे. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये ‘बेबी’ या सुरुवातीच्या संगणकाची प्रतिकृती आहे. स्मृतीत साठवलेला प्रोग्राम जगात पहिल्यांदा इथल्या विद्यापीठात २१ जून १९४८ ला चालला : टॉम किलबर्नने लिहिलेल्या १७ सूचना, काम दोनच्या अठराव्या घाताचा, तो आकडा स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक काढायचा, वेळ ५२ मिनिटं. स्मृती ३२ शब्दांची, प्रत्येकी ३२ बिट, आणि ती टीव्हीसारख्या नळीच्या पडद्यावर ठिपक्यांत साठवलेली. स्वयंसेवक यंत्र चालवून दाखवतात ते दिवस ठरलेले असतात, आधी बघा.

तिथून चालत सॅकव्हिल गार्डन्समध्ये ट्युरिंगचा पुतळा आहे, बाकावर बसलेला, हातात सफरचंद. १९५२ मध्ये समलैंगिकतेबद्दल त्याला दोषी ठरवलं, १९५४ मध्ये तो गेला, राजघराण्याकडून माफी आली ती डिसेंबर २०१३ मध्ये. बाकावर त्याच्या शेजारी जागा रिकामी आहे, लोक येऊन बसतात. फोटो काढण्याआधी जरा बसून घ्या.

कॉन्फरन्स एडिंबरात आहे. तिथून हे सगळं लांब पडतं.

पडतं, लंडन साडेचार तासांवर. म्हणून तिथलंच बघा. लॉगॅरिथमवाल्या जॉन नेपियरचा मर्चिस्टन टॉवर नेपियर विद्यापीठाच्या आवारात आहे आणि विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल जन्मला ते घर १४, इंडिया स्ट्रीटवर. आर्थर्स सीट ही २५१ मीटरची टेकडी सत्रं संपल्यावरही चढून होते, वारा मात्र टोपी नेतो. ऑगस्टमध्ये महोत्सवांमुळे राहायची जागा मिळणं कठीण. कॉन्फरन्स त्या महिन्यात असेल तर पेपरचा निकाल लागण्याआधी, रद्द करता येईल असं बुकिंग करून ठेवा.

हिवाळ्यात फिरणं जमतं का?

डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारास अंधार होतो. दिवस संग्रहालयांत घालवा, बागा सोडा. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे सत्रं संपल्यावरही चार तास हातात.

बायको-मुलांना किंवा आईवडिलांना बरोबर न्यावं का?

न्या, पण प्रत्येकाचा व्हिसा स्वतंत्र, आणि कॉन्फरन्सच्या दिवसांत तुम्ही त्यांच्याबरोबर नसाल हे आधीच सांगून. बँक्वेटला पाहुण्याचं वेगळं तिकीट मिळतं का ते विचारा. त्यांनी त्या दिवसांत त्यांना हवं ते बघावं. कोलोसससमोर दोन तास उभं राहणं ही सगळ्यांची सुट्टी असू शकत नाही.

परत आल्यावर पैसे मिळवायला काय लागतं?

बोर्डिंग पास, दोन्ही बाजूंचे. मोबाइलवरचे असतील तर उड्डाणाआधीच स्क्रीनशॉट घ्या, नंतर अ‍ॅपमधून गायब होतात. हजेरीचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी रजिस्ट्रेशन डेस्क बंद होण्याआधी मागून घ्या. हॉटेलचं बिल कॉन्फरन्सच्या रात्रींचं वेगळं आणि फिरण्याच्या रात्रींचं वेगळं करून घ्या; एकत्र बिल आलं की लेखा विभाग सगळंच अडवून ठेवतो. परतीचं तिकीट पर्यटनामुळे पुढे गेलं असेल तर कॉन्फरन्स संपल्याच्या दिवशीचा दर किती होता त्याचा छापील पुरावा बुकिंगच्याच दिवशी काढून ठेवा. काही संस्था दोन्हीतला कमी दर देतात.